वेदनेचे धोरण पोटापाशी अडते

सार्वजनिक आरोग्याच्या चर्चेत काही विषयांना प्रवेशच मिळत नाही. ते क्षुल्लक असतात म्हणून नव्हे, तर चारचौघांत त्यांचा उच्चार करणे अवघड वाटते म्हणून. शौचास न होणे हा असाच एक विषय. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात पोहोचलेल्या रुग्णाला मॉर्फिन सहज मिळावे की नाही, यावर आपल्या देशात गेली तीन दशके वैद्यकीय परिषदांपासून संसदेपर्यंत चर्चा झाली. तिच्यातून कायदा बदलला, नियम सुटसुटीत झाले. मात्र तेच मॉर्फिन पोटात गेल्यावर जठर आणि आतडी मंदावतात आणि त्या त्रासाला कंटाळून काही रुग्ण वेदना पत्करतात पण गोळी नको म्हणतात, ही गोष्ट धोरणाच्या चर्चेत क्वचितच येते. वेदनाशमनाचा प्रश्न आपण औषधाच्या उपलब्धतेपाशी सोडून दिला आहे. रुग्णासाठी मात्र प्रश्नाचा दुसरा भाग तिथूनच सुरू होतो.

हा त्रास नेमका कसा उद्भवतो, हे आधी पाहायला हवे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आपल्या पचनमार्गाच्या भिंतीत चेतापेशींचे एक स्वतंत्र जाळे पसरलेले असते. कोट्यवधी पेशींचे हे जाळे मेंदूच्या प्रत्येक आज्ञेची वाट न पाहता अन्न पुढे ढकलण्याचे, पाचकरस सोडण्याचे आणि पाणी शोषण्याचे काम करत असते. मॉर्फिन, कोडीन, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल ही अफूपासून काढलेली किंवा अफूसारखे काम करणारी औषधे मेंदू आणि मज्जारज्जूतील ज्या ग्राहींना चिकटून वेदनेचा संदेश दाबतात, तेच ग्राही आतड्यांच्या या जाळ्यातही असतात. औषधाला डोके आणि पोट यांतला फरक कळत नाही. ते दोन्हीकडे सारखेच काम करते. वर वेदना शमते आणि खाली हालचाल थंडावते.

याचे परिणाम एका जागी थांबत नाहीत. जठर रिकामे व्हायला वेळ लागतो, म्हणून दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते, मळमळते. आतड्यांची अन्न पुढे नेणारी लाटेसारखी हालचाल मंदावते. उलट जागच्या जागी आवळून धरणारी आकुंचने वाढतात. पाचकरसांचे स्रवण घटते. अन्न आत जास्त वेळ रेंगाळल्याने त्यातले पाणी अधिक शोषले जाते आणि मळ कोरडा, कठीण होतो. शेवटी गुदद्वाराचा स्नायू घट्ट राहतो आणि शौचाची जाणीवही बोथट होते. म्हणजे एकाच साखळीतल्या अनेक कड्या एकाच वेळी अडकतात. ‘भाजीपाला खा, पाणी प्या, थोडे चाला’ हा साध्या बद्धकोष्ठतेवरचा सल्ला इथे अपुरा पडतो, त्याचे कारण हेच.

आणखी एक गोष्ट धोरणकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. मॉर्फिन सुरू केल्यावर येणारी गुंगी आणि मळमळ बहुतेक रुग्णांत काही दिवसांत ओसरते. शरीर त्याला सरावते. आतडी मात्र सरावत नाहीत. औषध जोवर सुरू, तोवर त्रासही सुरू. नियमित मॉर्फिन घेणाऱ्या कर्करुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना बद्धकोष्ठता होते, असे वैद्यकीय निरीक्षण आहे. अशा परिणामाला ‘दुष्परिणाम झाला तर पाहू’ असे म्हणणे योग्य नाही. जे होणार हे आधीच ठाऊक आहे, त्याची तजवीज पहिल्या दिवशीच करायला हवी.

अफूचा हा गुण काही नव्याने सापडलेला नाही. हगवण थांबवण्यासाठी अफू देण्याची रीत जगभर आणि आपल्याकडेही शतकानुशतके होती. आज जुलाबावर सर्रास घेतले जाणारे लोपेरामाइड हे औषधही याच कुळातले. नेहमीच्या मात्रेत ते मेंदूपर्यंत पोहोचत नाही आणि फक्त आतड्यांना संथ करते, एवढाच फरक. म्हणजे जुलाब झालेल्याला जो गुण हवाहवासा वाटतो, तोच अंथरुणाला खिळलेल्या कर्करुग्णाला शिक्षा ठरतो.

ही शिक्षा किती कठोर असते, याची कल्पना बाहेरच्याला सहसा येत नाही. पोट फुगते, अन्नावरची वासना जाते, मूळव्याध आणि गुदद्वाराच्या चिरा उद्भवतात, वृद्धांमध्ये लघवी अडते, कधी भ्रमही होतो. काही वेळा आत मळाचा खडा अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. घरच्यांना वाटते की जुलाब सुरू झाले. मग जुलाब थांबवणारी गोळी दिली जाते आणि अवस्था आणखी बिकट होते. ‘रोगापेक्षा इलाज भयंकर’ ही म्हण इथे अक्षरशः खरी ठरते. जठर उशिरा रिकामे होण्याचे परिणाम तर पोटापुरतेही राहत नाहीत. हृदयविकाराच्या झटक्यात मॉर्फिन दिल्यास रक्त गोठू न देणाऱ्या तोंडावाटेच्या काही गोळ्या शरीरात उशिरा शोषल्या जातात, हे आता हृदयरोगतज्ज्ञ जाणतात.

आपल्या देशात या त्रासाला सामाजिक कंगोरेही आहेत. एका खोलीच्या घरात आडोसा नसतो. उकिडवे बसायच्या शौचालयात अशक्त रुग्णाला बसता येत नाही आणि कमोडची खुर्ची परवडत नाही. अंथरुणाला खिळलेली बाई सुनेला किंवा मुलीला पुन्हा पुन्हा उठवावे लागू नये म्हणून पाणी कमी पिते, जेवण टाळते. त्यातून बद्धकोष्ठता वाढते. विचारले तर संकोचाने ‘ठीक आहे’ म्हणते. डॉक्टर वेदना शून्य ते दहा अशा मापाने मोजतात, पण शेवटचे शौचास कधी झाले हा प्रश्न राहून जातो. मग एके दिवशी ती गोळी घेणे थांबवते आणि कागदावर नोंद होते की रुग्णाने औषध सोडले.

औषधशास्त्राच्या इतिहासातला एक प्रसंग इथे आठवतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ लिऑन गोल्डबर्ग यांच्या एका मित्राला कर्करोगाच्या असह्य वेदना होत होत्या. तरीही मॉर्फिनने होणाऱ्या बद्धकोष्ठतेपायी तो ते घ्यायला तयार नव्हता. मेंदूत शिरणार नाही, पण आतड्यांतला मॉर्फिनचा परिणाम तेवढा रोखेल, असे औषध शोधण्याच्या मागे गोल्डबर्ग लागले. त्यातून मेथिलनाल्ट्रेक्सोन तयार झाले. त्याला अमेरिकी औषध नियामकांची मान्यता मात्र २००८ मध्ये मिळाली. तोवर गोल्डबर्ग हयात नव्हते. पुढे या गटातली आणखी काही औषधे आली. ती उपयुक्त आहेत, पण महाग आहेत, आणि साध्या रेचकांनी भागत नाही तेव्हाच त्यांचा विचार व्हावा, हाच सर्वमान्य क्रम आहे. भारतातील बहुसंख्य रुग्णांचा प्रश्न त्या महागड्या औषधांचा नाहीच. त्यांना साधे रेचकही वेळेवर मिळत नाही, हा प्रश्न आहे.

असे का होते, हे समजण्यासाठी आपल्या कायद्याचा प्रवास पाहावा लागेल. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्याचा रोख तस्करीवर होता. मात्र कठोर शिक्षा, वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने आणि राज्यागणिक बदलणारे नियम यांच्या धास्तीने रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. १९९७ पर्यंत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न हाताळताच तयार झाली. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना नियम सोपे करण्याची सूचना केली, पण बहुतेक राज्ये ढिम्म राहिली. अखेर २०१४ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा नवा वर्ग निर्माण झाला, २०१५ मध्ये त्यात मॉर्फिनसह सहा औषधे आली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच परवान्यावर ती ठेवण्याची मुभा मिळाली. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दशके केलेल्या पाठपुराव्याचे हे फळ होते.

एवढे होऊनही चित्र समाधानकारक नाही. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ आयोगाने उपशामक सेवेचा जागतिक आढावा घेतला. गंभीर आजारांतील वेदनाशमनासाठी भारताला जेवढे ओपिऑइड लागते, त्याच्या जेमतेम चार टक्के इथल्या रुग्णांपर्यंत पोहोचते, असा त्याचा निष्कर्ष होता. दरवर्षी चौदा लाखांहून अधिक नव्या कर्करुग्णांची भर पडणाऱ्या देशासाठी हा आकडा लाजिरवाणा आहे. त्यामुळे इथे एक आक्षेप साहजिक आहे. जिथे शंभरांतल्या शहाण्णव हिश्श्यांची वेदना औषधाविना आहे, तिथे उरलेल्या चार हिश्श्यांच्या पोटाची चिंता करणे ही चैन नाही का?

माझ्या मते ती चैन नाही. त्याची कारणे दोन. पहिले, जे औषध रुग्ण आठवडाभरात टाकून देतो, ते त्याला ‘उपलब्ध’ झाले असे म्हणता येत नाही. कपाटातला साठा आणि परवान्यांची संख्या वाढली म्हणजे वेदना कमी झाली, असे मानणे ही हिशेबाची चूक आहे. दुसरे, मॉर्फिनविषयीची भीती अशाच अनुभवांवर पोसली जाते. एका घरातल्या रुग्णाचे पोट फुगले, तो तळमळला, की आळीतल्या दहा घरांत मॉर्फिन म्हणजे शेवटची यातना असा समज पसरतो. कायद्याने निर्माण केलेली भीती कायद्याने दूर करता येईल. अनुभवातून आलेली भीती चांगल्या अनुभवानेच जाते.

या साऱ्यात एक विरोधाभास आहे. वैद्यकीय वापरासाठी अफूची कायदेशीर लागवड भारतात होते. मध्य प्रदेशातील नीमच आणि मंदसौर, राजस्थानातील चित्तोडगड आणि प्रतापगड, उत्तर प्रदेशातील बाराबंकी अशा भागांतले परवानाधारक शेतकरी बोंडांना चिरे देऊन चीक गोळा करतात. नीमच आणि गाझीपूर इथल्या सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. ग्वाल्हेरचे केंद्रीय अमली पदार्थ कार्यालय त्यातल्या प्रत्येक किलोचा हिशेब ठेवते. दुसऱ्या टोकाला, तामिळनाडूच्या दक्षिणेकडील कोरडवाहू जमिनीत सोनामुखी पिकते. आतड्यांना चालना देणारी ही वनस्पती ‘तिन्नेवेली सेन्ना’ या नावाने जगभरच्या औषधसंहितांत नोंदली गेली आहे. सोनामुखीचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत उपशामक सेवेच्या विभागात आहे. वेदना शमवणारे औषध आपल्या मातीत आणि त्याचा त्रास निवारणारे औषधही आपल्याच मातीत. दोन्ही स्वस्त, दोन्ही जुनी, दोन्ही आपण जगाला पुरवतो. ती एकत्र यायला हवीत अशी जागा एकच, रुग्णाच्या हातातली चिठ्ठी. नेमकी तिथेच त्यांची गाठ पडत नाही.

इथे इसबगोलाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. गुजरात आणि राजस्थानात पिकणारा इसबगोल घरोघरी विश्वासाचा आहे आणि साध्या बद्धकोष्ठतेवर तो गुणकारीही आहे. पण तो फुगण्यासाठी भरपूर पाणी लागते आणि पुढे सरकण्यासाठी आतड्यांची हालचाल लागते. मॉर्फिनवर असलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या अशक्त रुग्णाकडे दोन्ही नसते. तिथे इसबगोलाचा लगदा अडथळ्यात भर घालू शकतो. म्हणून अशा रुग्णाला सोनामुखी किंवा बिसाकोडिलसारखे चालना देणारे, गरजेनुसार लॅक्ट्युलोजसारखे मळ मऊ ठेवणारे रेचक लागते. घरगुती उपाय चालत नाही तिथे औषध सुचवणे हे आरोग्य यंत्रणेचे काम आहे. रुग्णाच्या शेजाऱ्यावर ते सोडता येणार नाही.

आता दुसरा आक्षेप. कोणत्या औषधासोबत काय द्यावे हे डॉक्टरांनी ठरवायचे. सरकारने चिठ्ठीत का डोकवावे? पण आपल्या आरोग्य कार्यक्रमांनी हे पूर्वीही केले आहे. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड देताना त्याने चेतातंतूंना इजा होऊ नये म्हणून ब-सहा जीवनसत्त्वाची गोळी जोडीने दिली जाते. मुलांच्या अतिसारात जलसंजीवनीसोबत जस्ताच्या गोळ्या देण्याचे धोरण आहे. आणि सरकारी आदेश नसतानाही आपल्याकडचे डॉक्टर साध्या वेदनाशामक गोळीसोबत न विचारता पित्ताची गोळी लिहितात. म्हणजे जोडीचे औषध ही कल्पना आपल्या वैद्यकाला परकी नाही. मॉर्फिनच्या बाबतीत तेवढी ती रुजलेली नाही, कारण मॉर्फिन वापरण्याचीच सवय मोडली गेली होती.

यावर उपाय खर्चिक नाहीत. पहिला, राज्यांच्या औषध खरेदी महामंडळांनी तोंडावाटेच्या मॉर्फिनची मागणी नोंदवताना चालना देणाऱ्या रेचकाची मागणीही त्याच नोंदीत घ्यावी. एक औषध आहे आणि दुसरे संपले, अशी अवस्था मग येणार नाही. दुसरा, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांच्या तपासणीत साठ्याच्या वहीबरोबर रुग्णाच्या नोंदीही पाहाव्यात. मॉर्फिनसोबत रेचक लिहिले होते का? लिहिले नसेल, तर त्याचे कारण नोंदवले होते का? जुलाब सुरू असलेल्या किंवा आतड्यात अडथळा असलेल्या रुग्णाला रेचक देणे घातक ठरू शकते, म्हणून अपवादाची जागा हवीच. मात्र तो अपवाद विचारपूर्वक केलेला असावा, विसरल्यामुळे झालेला नसावा.

तिसरा उपाय माणसांचा आहे. केरळने २००८ मध्ये देशातले पहिले उपशामक सेवा धोरण स्वीकारले. त्याआधी पंधरा वर्षे, १९९३ पासून, कोझिकोडमध्ये हे काम सुरू झाले होते. त्या राज्याचे खरे बळ परवान्यांत नाही. पंचायतीच्या पाठबळावर घरोघरी जाणारी परिचारिका हे ते बळ आहे. ती वेदनेबरोबर जेवण, झोप आणि शौच यांचीही चौकशी करते, आणि संकोच तिच्यापाशी गळून पडतो. ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ या नावाने चालणाऱ्या केंद्रांच्या सेवांत उपशामक सेवेचा समावेश केंद्र सरकारने केलाच आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांच्या आणि आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात ‘शेवटचे शौचास कधी झाले?’ हा एक प्रश्न आणि तीन दिवस उलटले तर काय करायचे याचे उत्तर, एवढे तरी ठळकपणे यावे.

चौथा उपाय मॉर्फिनच्या पलीकडचा. शस्त्रक्रियेनंतर, हाड मोडल्यावर, कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल किंवा कोडीनयुक्त औषधे घेणाऱ्यांची संख्या मॉर्फिन घेणाऱ्यांपेक्षा किती तरी मोठी आहे. ट्रॅमाडॉलवर २०१८ पासून अमली पदार्थ कायद्याचे नियंत्रण आले, तेही गैरवापर रोखण्यासाठी. ते आवश्यक होते. पण या गोळ्या घेणाऱ्याला त्या आतडी संथ करतात हे सांगण्याची तरतूद कुठे आहे? पाकिटातला इंग्रजी कागद बारीक अक्षरांत सगळे सांगतो आणि कोणालाच काही सांगत नाही. रुग्णाच्या भाषेतल्या दोन ओळी, दुकानदाराने किंवा परिचारिकेने तोंडी सांगितलेल्या दोन गोष्टी, त्याहून अधिक उपयोगी पडतील.

अमेरिकेत ओपिऑइडच्या बेसुमार वापराने लाखो बळी घेतले, हे खरे. तिथे २०१६ मध्ये फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या सामन्यादरम्यान या औषधांनी होणाऱ्या बद्धकोष्ठतेवर जाहिरात दाखवली गेली; व्यसनाच्या साथीत कंपन्या बाजारपेठ शोधत असल्याची टीका तेव्हा झाली, आणि ती अनाठायी नव्हती. आपली अवस्था त्याच्या उलट आहे. आपल्याकडे औषध गरजेपेक्षा फार कमी पोहोचते आणि त्याचा त्रास बोलला जात नाही. म्हणून त्यांचा धसका घेऊन मॉर्फिन पुन्हा कुलपात बंद करणे हे उत्तर नाही, तसेच ते नुसते कपाटाबाहेर काढणे हेही पुरेसे नाही.

अफूच्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवण्यात आपल्या प्रशासनाने दीड शतकाहून अधिक काळ कसब मिळवले आहे. शेतातला चीक, कारखान्यातली भुकटी, रुग्णालयातली बाटली, सगळे वजन करून लिहिले जाते. ती गोळी ज्याच्यासाठी बनते त्याला जेवण जाते का, पोट साफ होते का, तो ती पुढे घेणार आहे का, हे मात्र कोणत्याच वहीत नसते. मरणाच्या दारातल्या माणसाला वेदनेपासून सुटका देण्याचे आश्वासन संसदेने २०१४ मध्ये दिले. ते पाळायचे, तर मॉर्फिनच्या प्रत्येक चिठ्ठीवर दुसरी एक ओळ लिहिली जाईल, याची जबाबदारीही शासनाने घेतली पाहिजे.